एनएचएस ट्रस्टच्या बोर्डावर जावं की गव्हर्नर व्हावं?

इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयं एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्ट नावाच्या संस्था चालवतात. त्यांच्या कारभारात बाहेरच्या माणसाला दोन दारांनी शिरता येतं. एक, ट्रस्टच्या बोर्डावर नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर म्हणून, म्हणजे रोजचा कारभार न चालवता त्यावर देखरेख ठेवणारा. दुसरं, फाउंडेशन ट्रस्टच्या (जास्त स्वायत्तता मिळालेल्या ट्रस्टच्या) कौन्सिलवर गव्हर्नर म्हणून. जाहिराती वाचल्या तर दोन्हींत तेच शब्द: उत्तरदायित्व, पारदर्शकता, रुग्णांचा आवाज. प्रत्यक्षात ही कामं इतकी वेगळी आहेत की एकासाठी अगदी योग्य माणूस दुसऱ्यात कुढत बसतो. (हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये फाउंडेशन ट्रस्ट नाहीत, त्यामुळे असे गव्हर्नरही नाहीत. इंग्लंडमध्येही साध्या एनएचएस ट्रस्टला गव्हर्नर नसतात.)

हातात नेमकं काय असतं

नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर (पुढे नुसतं डायरेक्टर) हा बोर्डाचा पूर्ण सभासद. त्याच्या मताची किंमत चीफ एक्झिक्युटिव्ह किंवा मेडिकल डायरेक्टरच्या मताइतकीच, आणि निर्णय फसला तर जबाबदारीही तितकीच. "मी तर महिन्यातून दोन-तीन दिवस येणारा बाहेरचा माणूस" ही सबब चालत नाही. प्रामाणिकपणे केलेल्या कामासाठी स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागत नाही, ट्रस्ट ती उचलतो. पण चौकशी समितीसमोर नाव तुमचंच वाचलं जातं.

गव्हर्नर रुग्णालय चालवत नाही आणि चालवणाऱ्यांना थेट जाबही विचारत नाही. तो जाब विचारतो नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरांना. मात्र कौन्सिलचे कायदेशीर अधिकार वाटतात त्यापेक्षा भक्कम आहेत: चेअर आणि नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर नेमणं, त्यांचं मानधन ठरवणं, बाहेरचा ऑडिटर नेमणं, चीफ एक्झिक्युटिव्हच्या नेमणुकीला आणि विलीनीकरणाला मान्यता देणं. चेअरला काढायचं तर कौन्सिलच्या तीन-चतुर्थांश सदस्यांची संमती लागते. कौन्सिलवर निम्म्याहून जास्त गव्हर्नर कर्मचाऱ्यांबाहेरच्या सभासदांनी, म्हणजे स्थानिक जनतेने आणि रुग्णांनी, निवडलेले असावे लागतात.

महाराष्ट्रातली रुग्ण कल्याण समिती ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना गव्हर्नरपद त्याच धर्तीचं वाटतं. तसं नाही. तिथे समितीकडे अबंधित निधी येतो आणि तो कशावर खर्च करायचा याचे ठराव समिती करते. गव्हर्नरच्या हातून एक पेनीही खर्च होत नाही. वॉर्डात पंखे बसवून द्यावेत, रांगेसाठी बाकं आणावीत अशी ज्याची कामाची कल्पना आहे, त्याने दोन्ही पदं सोडून रुग्णालयाच्या स्वयंसेवक विभागात जावं. हे उपरोधाने म्हटलेलं नाही. तिथे खरंच काम दिसतं.

वेळ आणि पैसा

डायरेक्टरला वर्षाला साधारण १३,००० पौंड मिळतात. ऑडिट कमिटीचं अध्यक्षपद वगैरे जादा जबाबदारी असेल तर वर २,००० पौंडांपर्यंत. फाउंडेशन ट्रस्टमध्ये आकडा कौन्सिल ठरवते, तेव्हा थोडा इकडे-तिकडे. जाहिरातीत "महिन्याला दोन ते तीन दिवस" असं लिहिलेलं असतं. चार धरून चाला. बोर्डाचा एक दिवस, दोन कमिट्यांचे अर्धे-अर्धे दिवस, आणि त्या प्रत्येकाआधी येणारं बोर्ड पॅक, म्हणजे सभेच्या कागदपत्रांचा गठ्ठा, जे दोनशे-तीनशे पानांचं असणं नेहमीचंच. शिवाय कन्सल्टंट डॉक्टरांच्या मुलाखतींच्या पॅनेलवर बसणं, वॉर्डांच्या भेटी, आणि काहीतरी बिघडल्यावर शुक्रवारी संध्याकाळी येणारा फोन.

हे मानधन करपात्र आहे, त्यावर पेन्शन नाही. मराठी मंडळींपैकी कन्सल्टंट डॉक्टर आणि आयटीतले वरच्या पदावरचे लोक इथे हमखास फसतात. तुमचं उत्पन्न आधीच १ लाख पौंडांच्या आसपास असेल तर त्यावरच्या प्रत्येक दोन पौंडांमागे एक पौंड करमुक्त मर्यादा कमी होते. म्हणजे त्या पट्ट्यात प्रत्यक्ष आयकर ६० टक्के, आणि १३,००० मधले हातात उरतात जेमतेम ५,२००. लहान मुलं असतील तर १ लाखाची रेषा ओलांडल्यावर पाळणाघराच्या बऱ्याच सरकारी सवलतीही जातात. आधी हिशेब मांडा, मग अर्ज भरा.

गव्हर्नरला मानधन नाही, फक्त प्रवासखर्च. कौन्सिलच्या सभा वर्षातून साधारण चार, त्याशिवाय उपसमित्या आणि सभासदांचे मेळावे. नोकरी सांभाळून जमण्यासारखं आहे. डायरेक्टरपदाच्या सभा मात्र बहुतेक कामाच्या दिवशी भरदिवसा असतात. १९९६ च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टप्रमाणे अशा सार्वजनिक कामासाठी मालकाने वाजवी रजा द्यायला हवी, पण ती पगारी असलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्यांना विनामोबदला स्वयंसेवा करता येते. मानधनाचं पद ही स्वयंसेवा नव्हे, म्हणून त्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं.

आत शिरायचं कसं

साध्या एनएचएस ट्रस्टमधली डायरेक्टरची नेमणूक एनएचएस इंग्लंड ही मध्यवर्ती यंत्रणा करते. फाउंडेशन ट्रस्टमध्ये ती कौन्सिल करते आणि तिथे एक अट अनेकांच्या लक्षातच येत नाही: उमेदवार त्या ट्रस्टच्या सार्वजनिक किंवा रुग्ण गटाचा सभासद असावा लागतो (विद्यापीठाच्या प्रतिनिधीचा अपवाद). सभासदत्व फुकट आहे, पण तुमचा पत्ता ट्रस्टच्या घटनेतल्या भौगोलिक हद्दीत बसतो का ते आधी पाहा. त्याच ट्रस्टमध्ये नोकरी करणाऱ्याला हे पद मिळत नाही. शेजारच्या ट्रस्टमधला कन्सल्टंट अर्ज करू शकतो, पण दोन्ही ट्रस्ट एकाच सेवेसाठी झगडत असतील तर हितसंबंधांचा प्रश्न पहिल्याच सभेत उभा राहतो.

अर्ज म्हणजे सीव्ही आणि दोनेक पानांचं निवेदन. आपल्या लोकांचे अर्ज बहुधा दोन ठिकाणी पडतात. सीव्हीत पदव्या, पारितोषिकं, शोधनिबंध यांची लांबच लांब यादी असते आणि मोठ्या खर्चाचा, माणसांचा किंवा जोखमीचा निर्णय कुठे घेतला ते शोधूनही सापडत नाही. दुसरं, "आमच्या टीमने केलं" ही विनयाची सवय. पॅनेलला हवं असतं ते असं: प्रश्न काय होता, तुम्ही स्वतः कोणती हरकत घेतली, त्यानंतर काय बदललं. चार्टर्ड अकाउंटंटना इथे चांगला वाव आहे, कारण ऑडिट कमिटीत फक्त नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर असतात आणि त्यांतल्या किमान एकाला ताजा आर्थिक अनुभव लागतो. डॉक्टरांचं गाडं मुलाखतीत अडतं. प्रश्न ऐकला की ते इलाज सांगू लागतात. इलाज करणारी माणसं योग्य आहेत का, हे तपासणं इथलं काम.

निवड झाली की "फिट अँड प्रॉपर पर्सन" तपासणी होते: गेल्या सहा वर्षांतले संदर्भ, डीबीएस (गुन्हेगारी नोंदीची तपासणी), दिवाळखोरीची आणि अपात्र ठरलेल्या संचालकांची नोंद, एम्प्लॉयमेंट ट्रिब्युनलचे निकाल, सोशल मीडियासुद्धा. व्हॉट्सॲपवरचं राजकारण फेसबुकवर उघड मांडायची सवय असेल तर याचा आधीच विचार करा. पुढे दरवर्षी स्वतःची घोषणा द्यावी लागते.

गव्हर्नरची निवडणूक असते. वय १६ पूर्ण, हद्दीतलं सभासदत्व, उमेदवारी अर्ज आणि छोटं निवेदन, एवढ्यावर काम भागतं. मतदान कमी होतं, पुष्कळ जागा बिनविरोध जातात. मराठी मंडळातल्या ओळखीपाळखीच्या पन्नास लोकांना सभासद करून निवडून येणं अशक्य नाही आणि नियमाबाहेरही नाही. निवडून आल्यावर मात्र प्रतिनिधित्व पूर्ण मतदारसंघाचं करायचं असतं, मंडळाचं नव्हे.

एकाच आकड्यासमोर दोघं

समजा ए अँड ईचा (आपत्कालीन सेवेचा) तक्ता समोर आला: चार तासांच्या आत दाखल झालेले, घरी गेलेले किंवा दुसरीकडे हलवलेले रुग्ण ७६ टक्के, खूण हिरवी, म्हणजे सगळं ठीक. एनएचएसमध्ये अशा तक्त्याला कलिंगड म्हणतात, वरून हिरवा आणि आत लाल. सुरी कुठे लावायची हे ज्याला कळतं तो चांगला डायरेक्टर. या ७६ टक्क्यांत मुख्य आपत्कालीन विभाग (टाइप १) आणि किरकोळ दुखापतींचं अर्जंट ट्रीटमेंट सेंटर (टाइप ३) एकत्र मोजलेले असू शकतात. घोटा मुरगळलेली माणसं तासाभरात घरी जातात आणि सरासरी वर उचलतात. टाइप १ वेगळा काढला की चित्र पालटतं. मग पलंगासाठी बारा तासांहून जास्त ताटकळलेल्यांचा आकडा. वर्षानुवर्षं तो रुग्णाला दाखल करून घ्यायचा निर्णय झाल्यापासून मोजला जात आला आहे, दारात पाऊल टाकल्यापासून नव्हे. ऐंशी वर्षांच्या आजी सकाळी नऊला आल्या, निर्णय संध्याकाळी सहाला झाला, पलंग पहाटे पाचला मिळाला, तर वीस तास स्ट्रेचरवर काढूनही या मोजणीत त्या नाहीत, कारण निर्णयानंतर अकराच तास झाले. आता आगमनापासूनचा आकडाही प्रसिद्ध होतो. बोर्ड पॅकमध्ये तो नसेल तर मागून घ्यायचा. आलेखावर सलग सात बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला असतील तर काहीतरी खरंच बदललं आहे. एका महिन्याच्या चढ-उतारावर मात्र कोणाला धारेवर धरू नये.

गव्हर्नरने हेच प्रश्न ऑपरेशन्स डायरेक्टरला विचारले तर तो हद्द ओलांडतो. त्याचा प्रश्न क्वालिटी कमिटीच्या अध्यक्ष असलेल्या नॉन-एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरबाईंना: "या आकड्यावर तुम्ही काय विचारलंत, काय उत्तर मिळालं, आणि तुमचं समाधान कशाने झालं?" ऐकायला सौम्य, पण तयारी न केलेल्या डायरेक्टरला घाम फोडणारा. दुर्दैवाने कौन्सिलच्या सभांचा बराच वेळ पार्किंगच्या दरात आणि कोणाच्या तरी सासूबाईंच्या रद्द झालेल्या अपॉइंटमेंटमध्ये जातो. वैयक्तिक तक्रारीसाठी पाल्स ही वेगळी सेवा आहे. गव्हर्नरने तक्रारदाराला तिकडे पाठवायचं आणि अशा तक्रारी वाढतायत का एवढंच पाहायचं.

डायरेक्टरची चूक उलट दिशेची. आयुष्यभर माणसं हाताळलेली असतात, वॉर्डभेटीत नर्सला परस्पर सूचना देण्याचा मोह आवरत नाही. अशाने चीफ एक्झिक्युटिव्हशी बिनसतं आणि पुढे खरी हरकत घ्यायची वेळ येते तेव्हा ऐकून घेणारं कोणी उरत नाही. त्याहून धोकादायक म्हणजे गप्प बसणं. मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टचं बोर्ड पैशाचा ताळेबंद आणि फाउंडेशन ट्रस्टचा दर्जा यांच्या मागे होतं. दर्जा २००८ मध्ये मिळाला, आणि वॉर्डांत रुग्णांचे काय हाल झाले ते २०१३ च्या फ्रान्सिस चौकशी अहवालात आहे. त्यातल्या २९० शिफारशी वाचायला वेळ नसेल तरी बोर्डाविषयीचं प्रकरण अर्जाआधी वाचावंच.

सध्याची हवा

जुलै २०२५ च्या दहा वर्षांच्या आरोग्य योजनेत फाउंडेशन ट्रस्टना गव्हर्नर ठेवण्याची सक्ती काढून टाकण्याचं सरकारने जाहीर केलं. म्हणजे गव्हर्नरची तीन वर्षांची मुदत पुरी होईलच असं धरून चालू नये. एनएचएस इंग्लंड गुंडाळण्याची घोषणाही मार्च २०२५ मध्ये झाली, त्यामुळे डायरेक्टरना नेमणारी यंत्रणा बदलेल. पद मात्र राहणार. डायरेक्टरची एकूण मुदत पहिल्या नेमणुकीपासून नऊ वर्षांच्या पुढे जाऊ नये, असा संकेत आहे.

आमचा कौल असा: मोठा खर्च, ऑडिट, कायदा, आयटी किंवा मनुष्यबळ यांपैकी काही निर्णयाच्या पातळीवर सांभाळलं असेल आणि महिन्याला चार दिवस खरोखर मोकळे असतील, तर थेट डायरेक्टरपदाचा अर्ज करा. गव्हर्नरपद ही त्याची पायरी समजू नका. अनुभव कमी पडत असेल तर असोसिएट नॉन-एक्झिक्युटिव्ह हे मत नसलेलं पद काही ट्रस्टमध्ये असतं, शिकायला ते जास्त उपयोगी. गव्हर्नर व्हावं ते ज्याला आपल्या भागातल्या लोकांत वावरायला आवडतं, सभेत चिवटपणे एकच प्रश्न पुन्हा विचारता येतो आणि फळ दिसायला दोन वर्षं लागली तरी चालतं, त्याने.

कुठलंही निवडलंत तरी अर्जाआधी ट्रस्टच्या संकेतस्थळावरचे शेवटचे तीन सार्वजनिक बोर्ड पॅक आणि सीक्यूसीचा (रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या संस्थेचा) ताजा अहवाल वाचा, आणि एखादी जाहीर बोर्डसभा मागे बसून पाहा. डायरेक्टरपदाच्या जाहिरातीत चेअरशी अनौपचारिक बोलण्याची संधी असते, ती सोडू नका. तिथे विचारा की गेल्या दोन वर्षांत किती नॉन-एक्झिक्युटिव्ह मुदतीआधी गेले आणि का. उत्तर देताना चेअर थोडे अडखळले तरी हरकत नाही. विषय बदलला तर दुसरा ट्रस्ट पाहा.