सूर्यडाग उत्तम दिसले, आलेख मात्र अर्धवट

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एक हौशी आकाशनिरीक्षण गट गच्चीवर सूर्यदर्शनाचे सत्र भरवतो. गेल्या रविवारी मी मुलीला घेऊन त्याला गेलो होतो. माणशी 100 रुपयांत दीड तास मिळतो आणि त्यातला पहिला तासच पैसे वसूल करून देतो. दुर्बिणीतून पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडलेल्या ताटलीएवढ्या प्रतिमेत पाच डाग स्पष्ट दिसत होते. मोठ्या डागाचा काळा गाभा आणि भोवतीची करडी कड मुलीने पेन्सिलीने गिरवायला घेतली खरी, पण पृथ्वीच्या फिरण्यामुळे सूर्य दोन मिनिटांत आपल्या व्यासाइतका सरकतो, त्यामुळे दुर्बीण सारखी जुळवावी लागत होती. भिंगाला थेट डोळा लावू न देण्याची खबरदारी चोख होती.

माहिती देणाऱ्या गृहस्थांनी एक गोष्ट फार छान उलगडली. डाग काळे असले तरी त्यांच्यासोबत तेजस्वी पट्टेही वाढतात, म्हणून डाग भरात असताना सूर्य मंदावत नाही, उलट किंचित प्रखर होतो. सुमारे 11 वर्षांच्या या चक्रात पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला पोहोचणारी साधारण 1361 वॅट ऊर्जा जेमतेम 0.1 टक्क्याने बदलते. 1645 ते 1715 या काळात डाग जवळपास नाहीसे झाले होते, म्हणजे 1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा सूर्याचा चेहरा बहुतेक कोराच होता, हे ऐकून मागच्या खुर्चीवरचे आजोबाही सरसावून बसले. त्या काळात युरोपातले हिवाळे कडक होते हे खरे. पण ती थंडी आधीच सुरू झाली होती आणि तिच्यात ज्वालामुखींचाही वाटा होता, एवढे सांगायला हवे होते.

तक्रार आहे ती शेवटच्या अर्ध्या तासाची. भिंतीवरचा सूर्याची ऊर्जा आणि पृथ्वीचे तापमान यांचा आलेख 1980 पाशी संपत होता, आणि दोन्ही रेषांची फारकत नेमकी त्यानंतरच होते: सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही, तापमान मात्र चढतच गेले. शिवाय स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थर, थंड होत आहे; तापमानवाढीला सूर्यच कारण असता तर तेही तापले असते. विचारल्यावर, आलेख जुन्या पुस्तकातून मोठा करून घेतल्याचे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले आणि नवा तक्ता लावण्याचे मान्य केले.

जाणार असाल तर आठलाच गच्ची गाठा. ऊन चढले की तापल्या हवेने प्रतिमा थरथरू लागते.