ब्रेकच्या दाबाची रेषा शून्यावर गेली, तेव्हाच मी थांबायला हवे होते

रेस कारसाठी डेटा लॉगर (सेन्सरांचे आकडे सतत नोंदवणारे यंत्र), सेन्सर आणि तयार वायरिंग हार्नेस (तारांचा बांधलेला जुडगा) देतो असे सांगून एका विक्रेत्याने माझ्याकडून आणि माझ्या मामेभावाकडून २,५३,११० रुपये उकळले. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये पेटी सोडवून घेताना भरलेले १,३४० रुपये धरले, तर आकडा २,५४,४५० होतो. यांतले दीड लाख मामेभावाचे होते आणि ते त्याने माझ्या शब्दावर दिले, हे मला सर्वांत जास्त बोचते.

मी या विषयातला अनभिज्ञ माणूस नाही, हे आधीच सांगतो, कारण घरच्यांनी आणि ओळखीच्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी सतरा वर्षे दाब, तापमान आणि प्रवाह मोजणाऱ्या उपकरणांची देखभाल करतो. हिंगणा रोडवरच्या मामेभावाच्या गॅरेजमध्ये आम्ही दोन वर्षे खपून एक जुनी मारुती एस्टीम शर्यतीसाठी तयार केली आणि तिचे वायरिंग मी स्वतःच्या हाताने केले होते. कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी पळाली, पण वेळ सुधारेना. स्टॉपवॉच फेरीची वेळ सांगते, ती वेळ कुठल्या वळणावर गेली हे सांगत नाही. त्यासाठी ब्रेकचा दाब, थ्रॉटलची म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती, स्टिअरिंगचा कोन, चारही चाकांचा वेग आणि जीपीएस यांची एकत्र नोंद लागते. नवा आयातीत संच आमच्या ऐपतीबाहेरचा होता, म्हणून आम्ही वापरलेला शोधत होतो, आणि असे शोधणाऱ्यांच्या शोधात कोण असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

विक्रेत्याने आपला पत्ता महाराष्ट्रातल्याच एका शहरातला सांगितला. बोलणे अत्यंत जाणकाराचे होते. हार्नेसमधल्या तारा ईटीएफई आवरणाच्या, म्हणजे १५० अंश सेल्सिअस सहन करणाऱ्या आहेत, सगळे सांधे सोल्डर न करता क्रिंप केलेले, म्हणजे दाबून बसवलेले आहेत, कॅन बसच्या (गाडीतली उपकरणे एकमेकांशी ज्यावरून बोलतात त्या जोडणीच्या) दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्या आहेत, असे तो न विचारता सांगत गेला. सोल्डर केलेला सांधा गाडीच्या कंपनाने तुटतो हे त्याला माहीत होते, आणि ज्याला हे माहीत आहे तो या धंद्यातला माणूस असणार, असे मी गृहीत धरले. लॉगरचे १,२६,०००, सेन्सरांचे ५१,५०० आणि हार्नेसचे ३७,००० मिळून २,१४,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३८,६१०. बुकिंगचे २५,३१० रुपये मी त्याच दिवशी पाठवले.

आता ज्या क्षणाविषयी लिहायचे आहे, तो क्षण मी रोज रात्री पुन्हा पाहतो. उरलेली रक्कम देण्याआधी मी व्हिडिओ कॉलवर चालू संच दाखवायला सांगितले. टेबलावर लॉगर होता, बाजूला लॅपटॉप, पडद्यावर सहा रेषा. त्याने थ्रॉटलचे सेन्सर हाताने फिरवले, रेषा वर गेली. मी म्हणालो, ब्रेक प्रेशर सेन्सरचा प्लग काढून दाखवा. तो म्हणाला, "एक मिनिट सर, जरा पकड घट्ट आहे," आणि कॅमेरा आठ-दहा सेकंद भिंतीकडे वळला. कॅमेरा परत आला तेव्हा प्लग त्याच्या हातात होता आणि पडद्यावर ब्रेकचा दाब ०.० बार (बार हे दाबाचे एकक) दिसत होता.

हे सहसा होत नाही. शून्य ते १०० बारचे हे सेन्सर दाब नसताना अर्धा व्होल्ट देते आणि पूर्ण दाबाला साडेचार. मधल्या चार व्होल्टमध्ये १०० बार बसवलेले असतात. अर्धा व्होल्ट मुद्दाम खाली सोडलेला असतो, तो यासाठी की तार तुटली तर ते ताबडतोब कळावे. प्लग काढल्यावर लॉगरच्या पायावर, म्हणजे पिनवर, शून्य व्होल्ट आले, तर आकडा उणे साडेबारा बार दिसायला हवा, आणि पाय आतून पाच व्होल्टला बांधलेला असेल, तर एकशे साडेबारा. अगदी नेमके शून्य दिसते, तेव्हा बहुधा कुणी तो आकडा लिहिलेला असतो. कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात हे शिकवतो. मला ते दिसले होते. मी मनाशी म्हणालो की याच्या सॉफ्टवेअरने उणे आकडे कापले असतील, आणि गप्प राहिलो. स्पर्धेला १९ दिवस उरले होते, मामेभाऊ खांद्यापाशी उभा राहून "दादा, भारी आहे रे हे" म्हणत होता, आणि त्याच्यासमोर शंका काढून सौदा मोडण्याची मला इच्छा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी १,२०,००० रुपये गेले.

शेवटचे १,०७,८०० रुपये त्याने दुसऱ्याच खात्यावर मागितले. कंपनीच्या खात्याची मर्यादा संपली आहे, हे आमच्या हिशेबनिसाचे खाते आहे, असे कारण दिले. बिलावरचे नाव आणि खातेदाराचे नाव वेगळे असेल, तर तिथेच थांबा, समोरचा काहीही सांगो. बिलही नीट वाचा. त्याचा पत्ता महाराष्ट्रातला, म्हणजे नागपूरला पाठवलेल्या मालावर सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९ टक्के असे दोन भाग हवेत, पण त्याने सरळ १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर, लावला होता. जीएसटी क्रमांकाची सुरुवात २४ ने होती. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा संकेत २७ आहे. जीएसटीच्या पोर्टलवर हा क्रमांक कोणाचा आहे ते फुकट आणि अर्ध्या मिनिटात पाहता येते, पण मी ते पेटी उघडल्यावर पाहिले. क्रमांक एका कापड व्यापाऱ्याचा निघाला, आणि त्या बिचाऱ्याला याची गंधवार्ताही नसावी.

शेवटचा हप्ता दिल्यानंतर अकराव्या दिवशी पेटी आली. हार्नेस वरून देखणा होता. मी मल्टिमीटर काढून कॅनच्या दोन तारांमधला रोध मोजला. दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक असतात, म्हणून वीज बंद असताना ६० ओहम यायला हवेत. मीटरवर काहीच आले नाही. आवरण चिरले तेव्हा कळले की पीळ दिलेली जोडी कनेक्टरच्या आत दोन बोटांवर संपते, पुढे जातच नाही. एका तारेला सोल्डरिंग आयर्न लावले, तर आवरण मेणासारखे मागे सरकले आणि पीव्हीसीचा ओळखीचा वास आला. मग लॉगरला बारा व्होल्ट दिले. एकही सेन्सर जोडलेले नव्हते, इंजिन बंद होते, आणि पडद्यावर ६,२०० आरपीएम दिसत होते. आत काही शे रुपयांचा एक बोर्ड आणि एक मेमरी कार्ड होते, कार्डात आधीच नोंदवलेली १४ मिनिटांची एकच फाइल, जी पुन्हापुन्हा चालत राहते. आम्हाला व्हिडिओ कॉलवर दाखवली ती हीच. थ्रॉटलची रेषा वर जाते त्या क्षणी तो हात फिरवत होता, एवढेच. मामेभाऊ काही बोलला नाही. गॅरेजचे शटर ओढून तो घरी गेला.

त्यानंतरचा मनस्ताप फसवणुकीपेक्षा कमी नाही. मी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार क्रमांकही मिळाला, पण शेवटच्या हप्त्याला तोवर अकरा दिवस झाले होते आणि खाती रिकामी होती. ही हेल्पलाइन पहिल्या काही तासांत कामाची असते, संशय आला की पेटीची वाट न पाहता फोन लावा. बँकेत सांगण्यात आले की पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले आहेत, आम्ही काय करणार. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी विचारले, "भाऊ, ही गाडी आरटीओत नोंदलेली आहे का?" शर्यतीची गाडी रस्त्यावर चालवायची नसते, हे समजावण्यात अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी म्हणाले की माल मिळाला आहे ना, मग ही दिवाणी बाब आहे. मी विचारले, खोके सोन्याचे म्हणून विटा पाठवल्या तर तीही दिवाणी बाब का? भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे आणि ती संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिसऱ्या दिवशी सांगितले की आरोपीचा पत्ता दुसऱ्या शहरातला आहे, तिकडे जा. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घेतली पाहिजे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. त्याची छापील प्रत मी टेबलावर ठेवली, ती न वाचता माझ्याकडे परत सरकवण्यात आली. अखेर साधा अर्ज घेतला आणि पोच दिली. अर्जात "गाडीचे सुटे भाग" एवढेच लिहिले गेले. सेन्सर, लॉगर, फाइल, यांतला एक शब्दही त्यात नाही. मी तो बदलायला सांगितला तर उत्तर आले की तपशील नंतर पाहू.

जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथे, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. फक्त ही खरेदी धंद्यासाठी नव्हती, हे दाखवावे लागते, म्हणून "गॅरेजसाठी घेतले" असे कुठल्याही निरोपात लिहू नका. मी लिहिले होते आणि आता वकील त्यावरच अडले आहेत.

वापरलेला लॉगर घ्यायचाच असेल, तर अनुक्रमांक आधी मागून घ्या आणि उत्पादकाला पत्र पाठवून तो क्रमांक विचारा. स्वतःच्या हाताने प्लग काढता येत नसेल तर पैसे देऊ नका. व्हिडिओवरच काढायला लावायचा असेल, तर कॅमेरा क्षणभरही हलता कामा नये, आणि उणे किंवा सेन्सरच्या मर्यादेवरचा आकडा दिसला तरच पुढे बोला.

मागच्या रविवारी एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलाने मला असाच एक व्हिडिओ पाठवला आणि विचारले, "काका, घेऊ का?" त्यांच्या संघाचे ४०,००० रुपये आगाऊ गेले होते. टेबल तेच, लॅपटॉप तोच. चौथ्या मिनिटाला कॅमेरा भिंतीकडे वळतो आणि परत येतो तेव्हा ब्रेकचा दाब ०.० बार असतो. मी त्याला ताबडतोब १९३० वर फोन करायला लावला. सोमवारी तो व्हिडिओ घेऊन मी पोलीस ठाण्यात चौथ्यांदा गेलो, तो पेन ड्राइव्हवर द्या असे सांगितले आहे.