पॉवर प्रेसवरचा लाइट कर्टन: १४ महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझे छोटे प्रेस शॉप आहे. वाहनांच्या सुट्या भागांचे जॉबवर्क आम्ही करतो. एअर क्लचचा (हवेच्या दाबावर चालणारा, मधेच थांबवता येणारा) ६३ टनी एक प्रेस, पिन क्लचचे दोन जुने प्रेस आणि ११ कामगार, एवढाच पसारा आहे. १४ महिन्यांपूर्वी एअर क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन बसवून घेतला. डायच्या (पत्रा दाबायच्या साच्याच्या) दोन्ही बाजूंना उभे केलेले दोन पिवळे खांब, त्यांच्यामध्ये डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण, आणि त्या किरणांत बोट शिरले की खाली येणारा रॅम (डायवर दाब देणारा प्रेसचा भाग) वाटेतच थांबणार, असे हे उपकरण आहे. आमची मुले त्याला नुसते ‘सेन्सर’ म्हणतात. ज्यांच्याकडे प्रेस आहेत आणि जे हे उपकरण घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

हे उपकरण घ्यावे लागले, त्याचे कारण आधी सांगणे मला भाग आहे. सुरगाण्याहून आलेला २२ वर्षांचा एक मुलगा त्या प्रेसवर पायडलने काम करत होता. डायमध्ये पीस अडकला, तो काढायला त्याने हात आत घातला आणि तोल सावरताना पाय पायडलवर पडला. उजव्या हाताची दोन बोटे गेली. सातपूरच्या ईएसआय (कामगार राज्य विमा) रुग्णालयात नेताना रुमालात गुंडाळलेला हात त्याने छातीशी धरला होता आणि “साहेब, पीस अडकला होता” एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू खुलासा त्यानेच द्यायचा होता. प्रेसच्या मागच्या भिंतीवर ‘सावधपणे काम करा’ असा फलक मीच लावलेला होता. त्याची विमा नोंदणी कामावर रुजू झाला त्याच दिवशी केलेली असल्याने उपचार आणि रजेच्या काळातील ९० टक्के वेतन त्याला मिळाले. माणूस रुग्णालयात पोहोचल्यावर घाईघाईने केलेल्या नोंदणीही मी या वसाहतीत पाहिल्या आहेत. पुढे कामगार भरपाई कायद्याची अनुसूची वाचायची वेळ आली. अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची दोन बोटे गेल्यास २० टक्के, एकटी तर्जनी गेल्यास १४ टक्के, अशी कमाईच्या क्षमतेतील घट त्यात मोजलेली आहे. ते आकडे वाचल्यानंतर फलकावर माझा विश्वास उरला नाही. माणूस विसरला, दमला किंवा गोंधळला, तरी जे यंत्राला थांबवते, त्यालाच सुरक्षा म्हणावे, असे माझे मत झाले आणि या उपकरणाकडेही मी त्याच कसोटीने पाहतो.

खरेदी करतानाच पहिला खड्डा लागतो. बाजारात नग मोजण्यासाठी वापरायचे साधे एरिया सेन्सरही ‘सेफ्टी सेन्सर’ म्हणून विकले जातात आणि ते निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. दिसायला दोन्ही सारखेच असतात. फरक असा की प्रेससाठीच्या टाइप ४ कर्टनमध्ये दोन स्वतंत्र आउटपुट असतात आणि आतील एखादा भाग बिघडला तर उपकरण स्वतःच प्रेस बंद करते. साधा सेन्सर बिघडला तर प्रेस खुशाल चालू राहतो आणि कोणालाही पत्ता लागत नाही. बोटांच्या संरक्षणासाठी १४ मिमी रिझोल्यूशनचाच, म्हणजे १४ मिमी जाडीची वस्तूही ओळखणारा, कर्टन घ्यावा. ३० मिमीचा पूर्ण हात ओळखतो, पण एकटे बोट त्यातून निसटू शकते. मी ६०० मिमी उंचीचा, टाइप ४, १४ मिमीचा संच घेतला. सेफ्टी रिले (कर्टनचा हुकूम प्रेसपर्यंत पोहोचवणारा भाग) आणि बसवण्याच्या मजुरीसह ५८ हजार रुपये लागले, आणि एअर लाइनवरील डबल व्हॉल्व्ह बदलायला आणखी २२ हजार. कर्टनने हुकूम दिला तरी व्हॉल्व्ह अडकून राहिला तर रॅम थांबणार नाही, त्यामुळे दुसरा खर्च टाळून पहिला करण्यात काही अर्थ नाही.

पुरवठादाराच्या सेवेबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. त्याचे नाव येथे देत नाही. त्याची माणसे आली, फ्रेमला आधीच असलेल्या छिद्रांत ब्रॅकेट बसवले आणि डायपासून १५० मिमी अंतरावर कर्टन उभा करून, पुठ्ठा आत घालून प्रेस थांबतो हे दाखवून, सही मागू लागली. मी विचारले की हे अंतर कशावरून ठरवले. उत्तर आले, “सगळीकडे एवढंच ठेवतो, साहेब.” हे उत्तर धोक्याचे आहे. हात आत शिरल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्या वेळात हात डायपर्यंत पोहोचता कामा नये, यावर या उपकरणाची सारी मदार आहे. आंतरराष्ट्रीय मानकात त्यासाठी हाताचा वेग सेकंदाला २,००० मिमी धरतात, आणि १४ मिमीच्या कर्टनसाठी त्या वेगाला थांबण्याच्या एकूण वेळेने गुणले की किमान अंतर मिळते. मी काम थांबवून ठेवले. तीन दिवसांनी थांबण्याची वेळ मोजणारे यंत्र आले. कर्टन, रिले, व्हॉल्व्ह आणि ब्रेक मिळून ०.१६ सेकंद भरले, म्हणजे अंतर ३२० मिमी हवे होते. १५० मिमीवर कर्टन तसाच राहिला असता तर दिवा लाल झाला असता, प्रेस थांबलाही असता, आणि बोट त्याआधीच गेले असते. पुठ्ठा हळूच आत घालून केलेल्या चाचणीत हे कधीच कळत नाही. नवे ब्रॅकेट करून ३२० मिमीवर कर्टन बसवला, दोन्ही बाजूंना आणि मागे जाळी लावली, तेव्हा मी सही केली. ज्यांच्याकडे कर्टन आधीच बसवलेला आहे त्यांनी मोजपट्टी घेऊन आजच अंतर पाहावे आणि थांबण्याच्या वेळेचा लेखी अहवाल पुरवठादाराकडे मागावा.

उपकरण स्वतः मात्र उत्तम आहे. पहिल्या दोन आठवड्यांत विनाकारण थांबण्याचे प्रकार झाले. चकचकीत पत्र्यावरून किरण परावर्तित होतात आणि प्रेसच्या हादऱ्याने खांबांची रेषा ढळते. ब्रॅकेटखाली रबराचे तुकडे घातल्यावर तो त्रास जवळपास संपला. काचेवर तेलाचा थर बसतो, म्हणून रोज मऊ कापडाने ती पुसावी लागते. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला १४ मिमी जाडीची चाचणी-दांडी वरून खाली तीन ठिकाणी फिरवून ऑपरेटर वहीत सही करतो. याला दोन मिनिटेही लागत नाहीत. या १४ महिन्यांत हात आत असताना रॅम थांबल्याच्या तीन घटना वहीत नोंदलेल्या आहेत. तिसऱ्या वेळी मी समोरच उभा होतो. रॅम पत्र्यापासून चार बोटे वर थांबला, एअरचा फुस्स आवाज झाला, आणि ऑपरेटर आपला तळहात उलटसुलट करून पाहत राहिला. त्या दिवशी उरलेली पाळी मी त्याला प्रेसवर बसू दिले नाही.

उत्पादन घटते, हे मान्य करावे लागेल. पूर्वी तासाला ५२० पीस निघत, ते सुरुवातीला ४६० वर आले, कारण हात ३२० मिमी मागे घ्यावा लागतो आणि दिवसभरात खांदा भरून येतो. पत्रा सरकवण्यासाठी उतरती पट्टी केली आणि मॅग्नेटचा चिमटा दिला, तेव्हा ५०० पर्यंत गाडी आली. पण मधल्या काळात जे घडले तेही लिहायला हवे. डाय सेटिंगसाठी पुरवठादाराने पॅनेलवर बायपासची, म्हणजे कर्टन बंद ठेवून प्रेस चालवण्याची, चावी दिली होती आणि ती तेथेच लटकत असे. दुसऱ्या महिन्यात एका रात्रपाळीला मी अचानक गेलो, तर चावी फिरवलेली आणि दोन्ही खांब अंधारलेले होते. ऑपरेटर म्हणाला, “दादा, टार्गेट पुरं होत नव्हतं.” टार्गेट मीच ठरवलेले होते, म्हणून ती चावी फिरवण्यात माझाही वाटा होता. त्या रात्री टार्गेट खाली आणले, बायपास कायमचा काढून टाकला, आणि डाय सेटिंग आता इंचिंगवरच, म्हणजे रॅम थोडा थोडा सरकवूनच, होते. पुरवठादार बायपास ‘मोफत सोय’ म्हणून देत असेल तर ती घेऊ नये.

शेजारच्या शेडच्या मालकांनी त्यांच्या पिन क्लचच्या प्रेससाठी याच कर्टनची चौकशी केली. मी त्यांना स्पष्ट नकार दिला. पिन क्लच एकदा लागला की स्ट्रोक पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही, मग कर्टनने काहीही सांगितले तरी उपयोग नाही. शिवाय पिन किंवा स्प्रिंग झिजली की पाय न दाबताही दुसरा स्ट्रोक येऊ शकतो. अशा प्रेसला डायभोवती पक्की जाळी, जिच्या फटीतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही, किंवा बंद झाल्याशिवाय स्ट्रोक न सोडणारे फाटक, हेच उपाय आहेत. माझ्या दोन्ही जुन्या प्रेसना जाळीच बसवली आहे आणि तिचा खर्च कर्टनच्या दहाव्या हिश्श्याइतकाही झाला नाही. तरीही पिन क्लचच्या प्रेसवर कर्टन विकणारे लोक नाशकात फिरत आहेत, हे मी खात्रीने सांगतो, कारण त्यांच्यापैकी एक माझ्याच टेबलासमोर बसून गेला.

कायद्याचा धाक आहे, तेव्हा हे सगळे आपोआप होईल, अशी आशा ठेवू नये. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम २१ मध्ये धोकादायक यंत्रभागांना पक्के कुंपण घालण्याची सक्ती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या, कामगारांच्या सुरक्षेविषयीच्या नव्या संहितेत, वीज वापरणाऱ्या ठिकाणाला कारखाना म्हणण्यासाठी किमान २० कामगार लागतात. माझ्याकडे ११ आहेत. अंबड आणि सातपूरमध्ये माझ्यासारखी शेड गल्लोगल्ली आहेत आणि मोठ्या कंपन्यांचे भाग तेथेच तयार होतात.

या उपकरणाची मर्यादा मला सर्वांत ठळकपणे दिसली ती प्रेसपासून दूर. मे महिन्यात शेडचे सिमेंटचे पत्रे बदलायचे होते. ठेकेदाराची दोन माणसे फळी न टाकता थेट पत्र्यावर चढली. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली कधी फुटेल हे सांगता येत नाही. मी त्यांना खाली उतरवले आणि फळ्या व हार्नेस येईपर्यंत काम बंद ठेवले. त्यांपैकी एकाचीही बांधकाम कामगार मंडळात नोंदणी नव्हती. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि रोज नव्या जागी जाणाऱ्याला तो सहजी कोणी देत नाही. नोंदणी असती तर कामावर मृत्यू आल्यास घरच्यांना ५ लाख रुपये मिळाले असते. माझ्या एकाच छपराखाली प्रेसवरचा माणूस ८० हजारांच्या उपकरणामागे बसला होता आणि छपरावरच्या माणसाकडे एक फळीसुद्धा नव्हती.

त्या जखमी मुलाची आई दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत रोजंदारीवर जाते. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट काडीवर लावतात, आणि ती स्पंजाने किंवा फडक्याने हातानेच लावली जाते. ती मुलाला भेटायला आली होती तेव्हा तिच्या बोटांची कातडी सोललेली होती. हातमोजे मिळतात का, असे विचारल्यावर म्हणाली, “मिळत्यात, पन फाटल्यावर दुसरं मागावं तर दिस मोडतो.” या रसायनाचा संपर्क झाल्यावर दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, उलट्या आणि धाप लागणे असे गंभीर त्रास होतात, हे बागेत काम करणाऱ्या पुरुषांनाही कोणी आधी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २९ लाख ३० हजार कामगार कामाशी संबंधित कारणांनी मरतात, त्यांपैकी अपघातांनी सुमारे ३ लाख ३० हजार आणि उरलेले २६ लाख आजारांनी. लाइट कर्टन फक्त किरण तोडणारी वस्तू ओळखतो. माझ्या शेडमधला आवाज कोणताच किरण तोडत नाही, आणि आवाजामुळे येणारा बहिरेपणा कायद्याच्या अधिसूचित आजारांच्या यादीत आहे. कर्टन बसवल्यानंतर चार महिन्यांनी मी सर्वांची कानांची तपासणी करून घेतली आणि दोघांची ऐकण्याची क्षमता घटलेली निघाली. दोघेही पिन क्लचच्या प्रेसवर दहा वर्षांहून अधिक काळ आहेत.

माझी शिफारस अशी: एअर क्लचचा प्रेस असेल, थांबण्याची वेळ मोजून देणारा पुरवठादार मिळत असेल आणि डबल व्हॉल्व्हचा खर्च करायची तयारी असेल, तर हे उपकरण अवश्य घ्यावे, हप्त्याने घ्यावे लागले तरी घ्यावे. यांतली एक जरी गोष्ट कमी असेल तर पैसे जाळीवर खर्च करावेत. उपकरणाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन, बसवण्याच्या सेवेला दोन. अपघात झालेला मुलगा आता आमच्याकडेच तपासणीच्या टेबलावर आहे. डाव्या हाताने व्हर्नियर (मापे घेण्याचे साधन) धरायला त्याला तीन महिने लागले. चाचणीच्या वहीवर सही करायला मात्र तो नको म्हणतो आणि मी आग्रह करत नाही.

गेल्या महिन्यात ब्रेकचे लायनिंग झिजल्याची शंका आली म्हणून थांबण्याची वेळ पुन्हा मोजून घेतली. ती ०.१८ सेकंद भरली. नवे लायनिंग पुण्याहून यायचे आहे. तोपर्यंत दोन्ही खांब ४० मिमी मागे सरकवून ३६० वर ठेवले आहेत आणि तासाचे टार्गेट ४७० केले आहे.