तेलातल्या गिअरला गंज चढत नाही

जुन्या येझदी मोटारसायकलच्या गिअरबॉक्स दुरुस्तीत १८,६५० रुपये गेले. ८,००० यूपीआयने, १०,६५० रोख. घरच्यांना मी बारा हजार सांगितलेत, खरा आकडा आज पहिल्यांदा लिहितोय. लाज वाटते, पण सोलापुरात जुन्या येझदीवाले अजून बरेच आहेत आणि जाणता मिस्त्री शोधत सगळे त्याच त्या गल्ल्यांतून फिरतात.

गाडी वडिलांची, १९७९ ची, मिलच्या पगारातून घेतलेली. होटगी रोडला जरा जोर दिला की तिसरा गिअर सुटून न्यूट्रल व्हायचा. क्लचही घसरायचा, इंजिन ओरडतंय आणि गाडी ओढत नाही. आमचा नेहमीचा मिस्त्री दोन वर्षांपूर्वी वारला, म्हणून ओळखीतल्या एकाने सांगितलेल्या गॅरेजात गेलो.

त्यानं एक चक्कर मारली आणि गाडी स्टँडला लावतानाच म्हणाला, "मालक, गिअरबॉक्स संपला. फुल सेट टाकावा लागंल." न खोलता! गिअर ऑइलसुद्धा काढून बघितलं नाही. दात खरंच तुटले असतील तर त्या तेलात लोखंडाचे तुकडे सापडतात. बोल्ट काढून आधी तेल दाखव म्हणायचं, मगच पुढचं बोलायचं. येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच, गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो, आणि ते सेटिंग चुकलं तरी क्लच घसरतो, हे मला माहीत होतं. मी विचारलंसुद्धा. "सेटिंगचं काय नाही मालक, दातं गेलेत," म्हणाला.

येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद पडला. नवा ओरिजनल पार्ट म्हटलं की आपला जीव कसा खालीवर होतो, ते येझदीवाल्यांना सांगायला नको. "म्हैसूरचा जुना स्टॉक आहे, एकच सेट उरलाय, दुसरं गिऱ्हाईक पण मागतंय." त्याच संध्याकाळी आगाऊ ८,००० पाठवले. सेट डोळ्यांनी बघितलाही नव्हता. बिल म्हणजे वहीच्या पानावरची चिठ्ठी: गिअर सेट ११,५००, क्लच प्लेटा १,८००, क्रँकचं ऑइल सील ६५०, लेथ १,२००, मजुरी ३,५००. चिठ्ठीवर ना गॅरेजचं नाव, ना सही. पक्कं बिल मिळत नसेल तर उरलेले पैसे रोख देऊ नका, निदान बँकेत नोंद तरी राहते.

बारा दिवसांनी गाडी मिळाली. जुने पार्ट मी मागून घेतले, म्हणजे अगदीच डोळे झाकून व्यवहार केला असं नाही. त्यानं ते खताच्या पिशवीत घालून दिले. घरी अंगणात पिशवी ओतली आणि बोटांना लाल गंज लागला. तिथंच कळायला हवं होतं. चाळीस वर्षं तेलात बुडालेला गिअर काळा, तेलकट निघतो. दातांच्या बुडापर्यंत गंज कुठून येईल? ते माझ्या गाडीतले नव्हतेच, भंगारातले होते. मी हात साबणानं धुतले, पिशवी बांधली आणि माळ्यावर टाकली. गाडी त्या दिवशी बरी चालत होती ना! त्याच तासाला परत गेलो असतो तर हिशेब तिथंच झाला असता.

तीन आठवड्यांत तिसरा गिअर पुन्हा सुटायला लागला, धूरही वाढला. जुळे सोलापुरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं माझ्यासमोर इंजिन खोललं. आत नवा सेट नव्हता, दुसऱ्याच गाडीचा जुना होता. गिअर एकमेकांत अडकायचे कान झिजून गोल झालेले, प्लेटा जुन्याच, पॉलिश पेपर मारलेल्या, सील कडक पडलेलं, त्यामुळे इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळत होतं. आणि मूळ दुखणं, गिअर सरकवणारा झिजलेला फोर्क, जागच्या जागी. फोर्क, प्लेटा, सील आणि क्लचचं सेटिंग मिळून त्यानं ४,३५० घेतले. माझ्या वडिलांचे चांगले गिअर मात्र कुणाच्या गाडीत फिरतायत, देव जाणे. खोलताना समोर उभे राहा, प्रत्येक गिअरवर पंचची खूण करा, फोटो काढा. हे मी केलं असतं तर पुढं चौकीत मान खाली घालावी लागली नसती.

चौकीत पहिला प्रश्न, "गिअर तुमचेच होते याला पुरावा काय?" दुसरा, "गाडी पंचेचाळीस वर्षं जुनी, आरसीचं नूतनीकरण झालंय का? पीयूसी दाखवा." फिर्यादी मी आणि कागद माझेच तपासले. दीड तास बसवून "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." खोटं सांगून पैसे काढणं ही फसवणूक आहे, नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ त्यासाठीच आहे, असं मी म्हणालो तर "मग वकील घेऊन या." १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन केला, ते म्हणाले पैसे तुम्हीच समोरासमोर ठरवून दिलेत, हा ऑनलाइन गुन्हा नाही. पुन्हा चौकीत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा गेलो तर माझा अर्जच सापडेना, आणि पोच मी घेतली नव्हती. अर्ज द्याल तिथं शिक्क्याची पोच घ्या, ती मिळेपर्यंत जागचे हलू नका. चार खेपा झाल्या, प्रत्येक वेळी अर्धा दिवस दुकान बंद. त्या माणसाला मात्र एकदाही बोलावलं नाही. त्याचं शटर रोज नऊला उघडतं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकिलाचीही सक्ती नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. हे मला कुठल्याच साहेबानं सांगितलं नाही. यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, म्हाताऱ्या मिस्त्रीनं लिहून दिलेला कागद आणि माळ्यावरून काढलेल्या गंजक्या गिअरचे फोटो जोडलेत. तारीख अजून मिळालेली नाही.