युद्धावरच्या छापचित्रांसाठी करडा लिनो: एक परीक्षण

युद्धाविरुद्धचं छापचित्र लांबून वाचता यावं आणि त्याच्या भरपूर प्रती निघाव्यात असं वाटत असेल, तर ३.२ मिमी जाडीचा करडा लिनोच घ्या (लिनो म्हणजे लिनोलियम, ज्याच्यावर चित्र कोरून, शाई लावून छाप घेतात). मऊ रबरी ठोकळे लोण्यासारखे कापले जातात खरे, पण प्रेसखाली ते दबतात आणि रेषा फुगते. काटेरी तारेचा बारीक काटा कोरताना तर तो तुकडाच निघून येतो.

करडा लिनो बनतो जवसाचं तेल, राळ, बुचाचा आणि लाकडाचा भुसा यांपासून. मागे तागाचं कापड असतं. एकेकाळी युद्धनौकांच्या डेकवर हाच अंथरत. तेल हवेनं सुकत राहतं, म्हणून जुना माल कडक आणि ठिसूळ होतो. घेताना कोपरा किंचित वाकवून पाहा, तडा गेला तर घेऊ नका. नुसताच कडक असेल तर कापडावरून कोमट इस्त्री फिरवा. हाताला ऊब लागली की पुरे.

वरचा तेलकट थर शाई झटकतो. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं हलकं घासून घ्या. अक्षरं असतील तर उलटी उतरवा, घोषणेची पहिली चूक इथेच होते. रेषेला व्ही आकाराच्या पात्याचा कटर, मोकळ्या जागेला यू आकाराचा. कटरच्या वाटेत दुसरा हात कधीही ठेवू नका. रेषेच्या दोन्ही बाजू खाली रुंदावत जायला हव्यात. आतून पोखरलेली रेषा काही प्रतींनंतर ढासळते. ताग दिसेपर्यंत खोल जाऊ नका, त्याचे धागे शाई धरतात. तेलाची शाई पातळच लाटा. रोलरखाली बारीक चिरचिर ऐकू यावी. आवाज पचपचीत झाला तर शाई जास्त आहे, बारीक रेषा बुजणारच. हातानं, चमच्यानं घासून छापणार असाल तर कागद पातळ हवा. जाड कागदाला प्रेस लागतो.

काळ्याचं वजन ही या लिनोची खरी ताकद. मुलगा पेटर १९१४ मध्ये रणांगणावर मारला गेल्यानंतर जर्मन चित्रकार कॅथे कोलविट्झ यांनी १९२१-२२ मध्ये युद्धावर सात काष्ठछापं केली. त्यातल्या ‘माता’मध्ये एकमेकींना बिलगलेल्या बायकांचा एकच काळा गठ्ठा आहे, आणि त्यातून उजळून येतात ते फक्त चेहरे आणि हात. अशी रचना लिनोवर उत्तम उतरते. फरक एवढाच की लिनोला लाकडासारखे तंतू नसतात. कटर कुठेही वळतो, पण लाकडाचं ते फाटलेपण मिळत नाही.

करड्या छटा मात्र याच्याकडे मागू नका. स्पॅनिश चित्रकार गोया यांच्या युद्धमालिकेतला धूसर अंधार ॲक्वाटिंटचा, म्हणजे पत्र्यावर ॲसिडनं छटा उठवण्याच्या पद्धतीचा आहे. जर्मन चित्रकार ऑटो डिक्स यांच्या १९२४ च्या युद्धावरच्या पन्नास छापांतली कुजती कातडी ॲसिडनं पत्रा खाल्ल्यामुळे तशी दिसते. तसं काही मनात असेल तर सरळ एचिंगकडे, म्हणजे ॲसिडनं पत्र्यावर कोरण्याकडे जा. लिनोवर समांतर रेषांनी करडं करायला गेलात, तर तिसऱ्या-चौथ्या प्रतीला रेषा शाईनं भरतात.

उरलेला लिनो गुंडाळून ठेवू नका, सपाटच ठेवा.