सोनी ८५ एमएम एफ १.८: लग्नाच्या कामात दिवसभर वापरून कशी वाटते

सोनीची एफई ८५ एमएम एफ १.८ (८५ म्हणजे फोकल लेंथ, ती जितकी जास्त तितकं दूरचं जवळ दिसतं; १.८ म्हणजे अपर्चर, उजेड आत घेणारं छिद्र, आकडा जितका लहान तितकं ते मोठं) ही लेन्स २०१७ मध्ये आली, म्हणजे नवी अजिबात नाहीये, आणि टेस्ट चार्ट लावून केलेले रिव्ह्यू तर ढीगभर सापडतील. तरीही लिहायला बसले कारण लग्नाच्या कामात दिवसभर वापरून ती कशी वाटते हे कोणी सविस्तर सांगत नाही, आणि माझ्यापुरतं बोलायचं तर वेडिंग फोटोग्राफीत जो आनंद मिळतो त्यातला मोठा वाटा या एका लेन्सचा आहे.

बऱ्याच जणांना वाटतं लग्नाचा फोटोग्राफर म्हणजे स्टेजसमोर उभं राहून "इकडे बघा, जरा हसा" म्हणणारा माणूस. ते करावं लागतंच, आणि नीट करावं लागतं, कारण ग्रुप फोटो घरच्यांना हवेच असतात. पण मला जीव ओतून करावंसं वाटतं ते वेगळंच. मुलगी तयार होत असताना दारातच थबकलेले वडील, मागच्या रांगेत खूप वर्षांनी भेटलेल्या दोन मैत्रिणी, सगळं सुरळीत चाललंय ना म्हणून कोपऱ्यातून लक्ष ठेवणारा धाकटा भाऊ. त्या क्षणी ही माणसं कॅमेऱ्यासाठी काहीच करत नसतात. घरची नसूनही एक दिवस त्या घरात मोकळेपणाने वावरायला मिळतं, कोणाचा कोणावर किती जीव आहे हे बघायला मिळतं, आणि ते बघत राहणं हेच आपलं काम असतं, याहून छान काम मला तरी माहीत नाही.

आता यात लेन्सचा संबंध काय, तर अंतराचा. फुल फ्रेम बॉडीवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ लावून कॅमेरा उभा धरला आणि तीन मीटरवर थांबलं की फ्रेममध्ये साधारण सव्वा मीटर उंचीचा भाग येतो, म्हणजे माणूस डोक्यापासून मांड्यांपर्यंत आरामात. दोन मीटरवर गेलं की चेहरा आणि छातीपर्यंतचा भाग. हे दोन-तीन मीटर लग्नात फार मोलाचे आहेत. ३५ एमएमच्या लेन्सने चेहरा तेवढाच मोठा हवा असेल तर माणसाच्या अगदी अंगाशी जावं लागतं, आणि कॅमेरा तोंडासमोर आला की भलेभले सावध होतात, हसू लगेच बदलतं. ८५ ने तुम्ही त्यांच्या घोळक्याबाहेर असता, तरी फोटो बघताना आपण त्यांच्यातच उभे आहोत असं वाटतं. शिवाय फार जवळून काढलं की नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात, तो दोष खरं तर लेन्सचा नाही, जवळ जाण्याचा असतो, पण ८५ तुम्हाला आपोआप मागे उभं करते त्यामुळे चेहरा आपल्याला गप्पा मारताना दिसतो तसा येतो. "माझे फोटो कधीच चांगले येत नाहीत" म्हणणारी माणसं प्रत्येक लग्नात भेटतात, आणि विचारलं तर त्यांचे बहुतेक फोटो कुणीतरी हातभर अंतरावरून मोबाईलने काढलेले असतात. अशा माणसाला स्वतःचा चेहरा पहिल्यांदा आवडतो तेव्हा मला इतकं बरं वाटतं की काय सांगू.

एका लग्नात नवरीच्या आजी होत्या. हसताना तोंडावर हात न्यायची सवय, आणि कॅमेरा दिसला की हसणंच बंद. मी खांबाच्या आडोशाला उभी राहिले, एफ १.८, शटर १/२५० सेकंद, आय ट्रॅकिंग (डोळ्यावर फोकस धरून ठेवणारी सोय) चालू, आणि थांबले. एक छोटा पणतू त्यांच्या मांडीवर चढून कानात काहीतरी बोलला, आजींचा हात वर निघाला पण तोंडापर्यंत पोचायच्या आत दोन फ्रेम मिळाल्या. हात छातीपाशी, बोटं अर्धी उघडी, डोळे मिटत आलेले आणि हसू पूर्ण. मागच्या लाइटच्या माळांचे मऊ गोल झालेत, पण ते नंतर लक्षात येतं. अल्बमसाठी फोटो निवडताना नवरी त्याच फोटोवर थांबली, आईला हाक मारली, आई येऊन बघत उभी राहिली, मग मावशीला व्हिडिओ कॉल लावला, आणि नवरीचे स्वतःचे फोटो बघायचे तसेच राहून गेले. आपण काढलेला फोटो माणसं एकमेकांना दाखवायला लागतात ना, ती वेळ मला सगळ्यात जास्त आवडते.

असो, लेन्सकडे येते. वजन ३७१ ग्रॅम. याच कंपनीच्या ८५ एमएम एफ १.४ जीएमचं (जीएम ही सोनीची वरच्या दर्जाची मालिका) पहिलं मॉडेल ८२० ग्रॅमचं होतं, म्हणजे दुपटीहून जास्त. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो पण सकाळी तयारीपासून रात्री नाच संपेपर्यंत दोन बॉडी खांद्यावर घेऊन फिरणाऱ्याला विचारा. आणि गंमत अशी की माणसं खरी खुलतात ती दिवसाच्या शेवटी, जबाबदाऱ्या संपल्यावर, त्यामुळे तेव्हा हात भरून आलेला असेल तर सगळ्यात चांगले फोटो निघायच्या वेळेलाच आपण कंटाळून बसलेले असतो. हलकी लेन्स मला शेवटपर्यंत उत्साहात ठेवते, हा माझ्यासाठी तिचा सगळ्यात मोठा गुण.

ऑटोफोकस डबल लिनिअर मोटरवर चालतो, आवाज जवळपास येतच नाही आणि शांत विधी चालू असताना हे फार बरं पडतं. बॅरलवर फोकस होल्डचं बटण आहे, सोनीच्या बॉडीत त्याला दुसरं काम लावून देता येतं, मी आय ऑटोफोकस लावलाय, म्हणजे डावा अंगठा तिथेच. अपर्चर बदलायला लेन्सवर रिंग नाहीये, मला तिची उणीव भासली नाही पण ज्यांना सवय आहे त्यांना भासेल.

अंधाऱ्या हॉलमध्ये २.८ च्या झूमपेक्षा इथे साधारण सव्वा स्टॉप जास्त उजेड मिळतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे झूमवर जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागतो तिथे २५०० च्या आसपास भागतं. फ्लॅश न मारता काम होतं आणि फ्लॅश नसला की लोक तुम्हाला विसरतात. एक मात्र लक्षात ठेवा, एलईडी लाइट असतील तर सायलेंट (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) शटरच्या मोहात पडू नका, बऱ्याच बॉडीजवर फोटोत आडवे पट्टे येतात, मेकॅनिकल शटरच वापरा आणि आधी दोन-चार टेस्ट फ्रेम काढून झूम करून बघा.

आता जिथे सांभाळावं लागतं ते. दोन मीटरवरून १.८ ला काढलं तर फोकसमध्ये राहणारी पुढची-मागची खोली जेमतेम सहा सेंटीमीटर असते. एका माणसाला पुरते, पण नवरा-नवरी गालाला गाल लावून बसलेत आणि एकाचं डोकं थोडं मागे आहे, तर एक चेहरा मऊ येणारच. जोडप्यासाठी २.८ ते ४, किंवा मग एक पाऊल बाजूला सरकून दोघांचे डोळे सारख्या अंतरावर येतील असं उभं राहा. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सांभाळणारी सोय) नाहीये, बॉडीत असेल तर उत्तम, तरी हलणाऱ्या माणसांना त्याचा उपयोग नसतो, शटर १/२०० च्या खाली शक्यतो नेऊ नका आणि नाचाच्या वेळी १/४०० च्या पुढेच ठेवा. खिडकीचा उजेड मागून येत असेल आणि अपर्चर पूर्ण उघडं असेल तर पांढऱ्या कपड्यांच्या कडेला जांभळी-हिरवी झाक दिसू शकते, अशा ठिकाणी २.५ ला बंद केलं की बरीच कमी होते, उरलेली एडिटिंगमध्ये एका स्लायडरने जाते.

बोटातल्या अंगठ्यांचे क्लोजअप हिच्याकडून मागू नका. कमीत कमी फोकस अंतर ०.८ मीटर आहे, त्यामुळे अंगठी फ्रेममध्ये लहानच राहते. त्यासाठी मॅक्रो (अगदी जवळून काढायची लेन्स) हवी, किंवा बॅगेत छोटी एक्स्टेंशन ट्यूब (बॉडी आणि लेन्सच्या मध्ये लावायची पोकळ नळी) टाकून ठेवा, काम निघतं.

१.४ वाली घेऊ का, असं नेहमी विचारतात. त्यात १.८ पेक्षा दोन तृतीयांश स्टॉप जास्त उजेड मिळतो, बॅकग्राउंड अजून विरघळतं, आणि २०२४ मध्ये आलेली जीएम २ तर ६४२ ग्रॅमपर्यंत खाली आलीये, लेन्स म्हणून ती सुंदरच आहे. पण लग्नाचं काम नुकतं सुरू केलेल्यांना मी १.८ च सांगेन आणि फरकाचे पैसे दुसऱ्या बॉडीत घाला म्हणेन. एकीवर ३५, दुसरीवर ही, म्हणजे समारंभ चालू असताना लेन्स बदलत बसावं लागत नाही, आणि बॉडी दोन कार्ड स्लॉटवालीच घ्या कारण हे क्षण पुन्हा काढायला मिळत नाहीत. एपीएस-सी (लहान सेन्सरची) बॉडी असेल तर मात्र विचार करा, तिच्यावर हीच लेन्स साधारण १२७ एमएमसारखी दिसते, छोट्या खोलीत पाठ भिंतीला टेकते तरी माणूस फ्रेममध्ये मावत नाही, तिथे ५० किंवा ५६ एमएमची प्राइम (झूम नसलेली लेन्स) घेतलेली जास्त उपयोगी पडेल.