तारे की काळे शिक्के? पाकीट निवडताना मला काय कामी आलं

खाण्याचा तयार पदार्थ तब्येतीला कितपत बरा हे कळावं म्हणून त्याच्या पाकिटाच्या दर्शनी बाजूला काय छापलेलं बरं, याबाबत जगात ढोबळमानाने दोन घराणी आहेत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये २०१४ पासून अर्धा ते पाच तारे; जितके जास्त तितकं चांगलं. फ्रान्सची २०१७ ची ए ते ई अक्षरं त्याच कुळातली. दुसरं घराणं चिलीचं: २०१६ पासून काळा अष्टकोनी शिक्का आणि त्यात साखर, सोडियम (मिठातला घटक), सॅच्युरेटेड फॅट, कॅलरी यांपैकी जे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल त्याचं नाव. मेक्सिकोने २०२० मध्ये तीच वाट धरली. नोकरीमुळे मी आधी ऑस्ट्रेलियात आणि मग मेक्सिकोत राहिलो, त्यामुळे घरचा किराणा दोन्ही पद्धतींनी भरून झालाय.

ताऱ्यांच्या बाजूचं आधी सांगतो. एकाच फळीवरच्या दोन ब्रेडमधून एक उचलायचा असेल तर ते झटकन कौल देतात. शिक्का इथे कमी पडतो; साखर मर्यादेच्या जेमतेम वर असो की तिप्पट, शिक्का तोच. घरात कुणाला पथ्य नसेल आणि एकंदर बरं खायचं इतकाच हेतू असेल, तर तारे पुरावेत असं मला वाटतं.

आमच्या घरी मात्र बाबांना ब्लडप्रेशर आहे आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला बजावलं होतं. त्या दिवसांत मी डाळी-भाज्यांचं एक तयार सूप आणायचो, साडेतीन तारे बघून, अगदी निश्चिंतपणे. काही आठवड्यांनी मागचा तक्ता वाचला. १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅम सोडियम. आकडा किरकोळ वाटतो, पण बाबा ३०० ग्रॅमचा वाडगा संपवायचे, म्हणजे ९०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात २००० च्या आत राहायला सांगते. जवळपास निम्मा वाटा एका वाडग्यात!

ताऱ्यांचं गणितच तसं आहे. ऊर्जा, सॅच्युरेटेड फॅट, साखर, सोडियम यांचे दोष मोजायचे आणि त्यातून प्रथिनं, फायबर, भाज्या-डाळी यांचे गुण वजा करायचे. सुपातल्या डाळीने मिठाचा दोष झाकला होता. ही वजाबाकी बाबांच्या रक्तवाहिन्यांना कशी कळणार? मला खटकलं ते हेच, आणि अजूनही खटकतं. ज्याला एकच गोष्ट टाळायचीय त्याच्यापासून नेमकी तीच सरासरीत लपते. त्यात तिकडे ताऱ्यांची सक्ती नव्हती, त्यामुळे तारेच नसलेल्या पाकिटाबद्दल काहीच कळायचं नाही.

मेक्सिकोत आम्हाला स्पॅनिश येत नव्हतं. तरी आठवडाभरात शिक्क्यावरचा ‘सोडिओ’ (सोडियम) हा शब्द बाबांच्या ओळखीचा झाला आणि ते स्वतःच, चष्मा न लावता, पाकीट परत फळीवर ठेवू लागले. माझ्या लेखी निकाल तिथेच लागला.

शिक्का नाही म्हणून माल चांगला, असं मात्र धरू नका. साखर काढून स्वीटनर घातलं की साखरेचा शिक्का टळू शकतो. मेक्सिकोत स्वीटनर असल्यास ‘मुलांसाठी टाळा’ अशी वेगळी पट्टी छापावी लागते, ती जरूर बघा.

तुमच्याकडे दोन्ही नसतील तर चिलीच्या मर्यादा कागदावर लिहून खिशातल्या पैशांच्या पाकिटात ठेवता येतील. मीही तेच करतो. घन पदार्थात १०० ग्रॅममागे सोडियम ४०० मिलिग्रॅम, साखर १० ग्रॅम, सॅच्युरेटेड फॅट ४ ग्रॅम, ऊर्जा २७५ किलोकॅलरी. पातळ पदार्थाला नियम कडक: १०० मिलिलिटरमागे सोडियम १००, साखर ५, सॅच्युरेटेड फॅट ३, ऊर्जा ७०. पडताळताना ‘दर सर्व्हिंग’चा (म्हणजे एका वेळच्या वाढपाचा) रकाना सोडून १०० चाच बघा, कारण सर्व्हिंग केवढं धरलंय यावर तो आकडा हवा तसा लहान दिसू शकतो.